लोहाला बाहेर जायला रस्ता नाही

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका फॅमिली डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. जाहीर झालेला विषय होता: 'आनुवंशिक लोहसंचय – दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करावी का?'

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच एक दुरुस्ती. खाली जिन्यापाशी फळ्यावर आजचा विषय 'आनुवंशिक लोकसंचय' असा लिहिलाय. ठाणे स्टेशनात सकाळी साडेआठच्या फास्टला जो होतो तो लोकसंचय. तोही तसा आनुवंशिकच म्हणा, माझे वडील लोंबकळत जायचे, माझा मुलगाही लोंबकळतो. पण त्यावर बोलायला रेल्वेचा माणूस बोलवा. माझा विषय लोह.

आता एक करा. ज्यांच्या घरात आत्ता लोहाच्या गोळ्यांचं पाकीट किंवा टॉनिकची बाटली आहे, त्यांनी हात वर करा. बघा! गडकरीत नाटक संपल्यावर टाळ्यांनासुद्धा एवढे हात वर जात नाहीत. आता ज्यांनी आयुष्यात एकदा तरी अंगातलं लोह मोजून घेतलंय, त्यांनीच हात वर ठेवा. हिमोग्लोबिन नव्हे हं, लोह. दोन. त्यातली एक आमची ही, आणि तिचं मीच करून घेतलंय.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. पण सेक्रेटरींनी पाऊण तास दिलाय आणि चहा त्यानंतर आहे, तेव्हा बसा.

आपल्याकडे थकव्याला एकच नाव आहे: 'अंगात रक्त नाही.' पोरगी अभ्यासाला बसत नाही, अंगात रक्त नाही. सुनेला सकाळी उठवत नाही, अंगात रक्त नाही. जावई बोलत नाही, त्याच्याही अंगात रक्त नाही. मग हळीव, खजूर, मनुका, बीट, नाचणी, गूळ, लोखंडी कढई, आणि शेवटी आम्ही. आमच्याकडे आलात की आम्ही डोळ्याची खालची पापणी ओढतो, 'हं' म्हणतो आणि लाल टॉनिक लिहितो. हे पापणी ओढणं म्हणजे वैद्यकातलं पंचांग बघणं आहे. बघणाऱ्याला जे बघायचं असतं ते दिसतं.

थांबा, गैरसमज नको. उद्या सोसायटीच्या ग्रुपवर 'डॉक्टर म्हणाले लोहाच्या गोळ्या बंद करा' असं फिरलं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आहे, देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी. महाराष्ट्रात ५४. निम्म्याहून जास्त! गरोदर बाईला रोज मिळणारी लाल गोळी, शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी, या गोळ्यांनी जीव वाचतात. रेशनच्या तांदळात लोह घातलेले दाणे आले, ज्यांना आपण 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकून देत होतो, तेही चांगलंच होतं. माझं भांडण गोळीशी नाही. माझं भांडण न मोजता वाढण्याशी आहे. पंगतीतसुद्धा आग्रह करण्याआधी पानात काय आहे ते बघतात.

लोहाचं एक विचित्र आहे. मीठ जास्त झालं तर लघवीतून जातं. पाणी जास्त झालं तर जातं. लोहाला बाहेर जायला रस्ताच नाही. रोज आपण अन्नातून एक ते दोन मिलिग्रॅम आत घेतो आणि त्वचेच्या, आतड्याच्या पेशी झडतात त्यातून तेवढंच जातं, बस्स. अंगात एकूण तीन-चार ग्रॅम, म्हणजे एक मध्यम खिळा. तेवढ्यावर आयुष्य. मग हिशेब कुठे राखला जातो? दारावर. घोडबंदर रोडवर गाड्यांना बाहेर पडता येत नसेल तर आत सोडतानाच थांबवायला हव्यात, तसं. ते आपल्याला तिथे जमलेलं नाही, पण शरीराला जमलंय. आतड्याच्या पेशीला एक दार आहे, फेरोपोर्टिन. आणि यकृतात बनणारं एक संप्रेरक आहे, हेप्सिडिन, तो वॉचमन. अंगात लोह पुरेसं झालं की यकृत हेप्सिडिन सोडतं आणि दार बंद. हा वॉचमन सापडला २००० सालाच्या आसपास, म्हणजे मी कॉलेजातून बाहेर पडून वीस वर्षं झाल्यावर. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना सोसायटीला वॉचमन आहे हेच कुणी शिकवलं नव्हतं.

काही घराण्यांत हा वॉचमन जन्मापासून डुलक्या घेतो. दार उघडंच. रोज दोन मिलिग्रॅम जादा आत येतात असं धरा. वर्षाला ७३० मिलिग्रॅम. वीस वर्षांत साडेचौदा ग्रॅम. हे लोह यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात, सांध्यांत, कातडीत जाऊन बसतं आणि आपण गंजतो म्हणा ना. याला म्हणायचं हिमोक्रोमॅटोसिस. १८६५ मध्ये पॅरिसच्या त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी असा मधुमेही पाहिला, कातडी काशाच्या, म्हणजे ब्राँझच्या रंगाची आणि यकृत दगडासारखं. १८८९ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी नाव दिलं, रंग रक्तातून आला असावा असं समजून. पुढे १९३५ मध्ये जोसेफ शेल्डन या इंग्रज डॉक्टरने ३११ रुग्णांची टिपणं एकत्र करून सांगितलं, हा जन्मजात दोष आहे, दारूचा नाही. म्हणजे सत्तर वर्षं या माणसांना 'पिता काय हो?' हा प्रश्न ऐकावा लागला. अजूनही लागतो. माझ्या रुग्णाला मीच विचारला होता.

तर तो रुग्ण. त्यांच्या परवानगीने सांगतोय, नाव सांगत नाही, कारण इथे वागळे इस्टेटमधले चारजण तरी बसलेत.

टर्नर होते. वय ४३. लेथवर उभं राहून आयुष्य गेलेलं. दवाखान्यात आले की आधी हात पुसायचे, मग खुर्चीत बसायचे. तळहाताच्या रेघांत कास्ट आयर्नचा काळा चुरा कायमचा बसलेला. पहिल्यांदा आले ते थकव्यासाठी. मी म्हटलं, तीन पाळ्या आणि दोन मुलं, थकणार नाही तर काय. सहा महिन्यांनी साखर निघाली. मी म्हटलं, आता कुणाला नाही? मग म्हणाले, काळवंडलोय. मी म्हटलं, सायकलने येता-जाता, ऊन आहे, ऑइल आहे. मग बोटं दुखायला लागली. मी म्हटलं, दिवसभर हँडव्हील फिरवता, बोटं दुखणार नाहीत तर काय मान दुखेल? प्रत्येक तक्रारीसाठी मी भिंतीवर एकेक खिळा ठोकत गेलो आणि एकेक पिशवी अडकवत गेलो. चारी पिशव्या एकाच माणसाच्या आहेत, हे काही डोक्यात आलं नाही.

एकदा त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला. व्हर्नियर माहितीय ना, माप घ्यायचं साधन. माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि म्हणाले, डॉक्टर, हे बघा. व्हर्नियरचा जबडा अंगठ्याने सरकवायचा आणि पहिल्या दोन बोटांनी आवळून धरायचं, ते त्यांना जमेना. तर्जनी आणि मधल्या बोटाची मुळाशी असलेली ठेंगळं सुजलेली. बाकीची दोन बोटं ठीक. मूठ वळली की ती दोन बोटं अर्ध्यावर उभी राहायची, कुणाला 'थांब' म्हणावं तशी. म्हणाले, "दोन दोराची चूक होतेय जॉबमध्ये. बावीस वर्षांत झाली नव्हती." मी पेनकिलर लिहिली. आज कुणी मला विचारलं की या रोगाची खूण काय, तर पुस्तक न उघडता सांगेन, ती दोन ठेंगळं. तेव्हा ती माझ्या टेबलावर, पेपरवेटच्या शेजारी होती.

पुढच्या खेपेला वहिनी बरोबर आल्या. "डॉक्टर, ह्यांच्या अंगात रक्तच नाही. टॉनिक द्या काहीतरी." मी दिलं. लोहाचं. चौदा महिने दिलं. आणि ऐका, त्यांच्या फायलीत कंपनीच्या वार्षिक मेडिकलचा कागद होता. हिमोग्लोबिन १५.२. कागद माझ्याच कपाटात, फाइल माझ्याच हातात. पण वहिनींनी 'रक्त नाही' म्हटलं, त्यांनी मान डोलावली, मी पापणी ओढली, तिघांचं एकमत झालं. पंधरा हिमोग्लोबिनच्या माणसाला लोहाचं टॉनिक! इकडे घरी वहिनींचं चालूच. रोज सकाळी हळिवाचा लाडू, दुपारी लोखंडी कढईतली पालेभाजी आणि त्यावर लिंबू. लिंबाने लोह जास्त शोषलं जातं, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. त्या घरात सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं, फक्त उलट दिशेने.

२०१६ च्या पावसाळ्यात मला डेंगी झाला. तीन आठवडे दवाखाना बंद ठेवणं परवडेना म्हणून एक मुलगी लोकम, म्हणजे बदली डॉक्टर म्हणून बसली. नुकतीच एमबीबीएस झालेली, पीजीच्या परीक्षेची तयारी करणारी. माझ्या खुर्चीत बसून दोन पेशंटच्या मधे ती वस्तुनिष्ठ प्रश्नांची जाडजूड पुस्तकं सोडवायची. हे महाशय गेले साखरेच्या गोळ्या न्यायला. तिने त्यांना झोपवून पोट तपासलं. मी दोन वर्षांत झोपवलं नव्हतं! यकृत बोटभर लागलं. मग तिने विचारलं, "काका, तुमच्या सगळ्या तक्रारी कुणी एका कागदावर लिहिल्यात का हो?" आणि लिहिल्या. थकवा, साखर, काळेपणा, बोटं, मोठं यकृत. आणि आणखी एक तक्रार होती, ती त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती, तिलाही सांगितली नाही, पण तिने वहिनींना बाजूला घेऊन विचारली. लग्न झालेल्या माणसांना कळलं असेल. संप्रेरकांच्या ग्रंथीतही लोह बसतं.

तिने मला फोन केला. मी तापात. म्हणाली, "सर, ब्राँझ डायबिटीस असेल का?" मी म्हटलं, "अगं, तो परीक्षेत असतो. वर्तकनगरात नसतो." तरी तिने रक्त पाठवलं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ९१ टक्के. फेरिटिन ३,१४०.

दोन शब्दांत सांगतो. ट्रान्सफेरिन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारी रिक्षा. सॅच्युरेशन म्हणजे शंभरातल्या किती सीट भरल्यात. साधारण वीस ते चाळीस भरलेल्या असतात. पंचेचाळीसच्या वर गेल्या की आम्ही कान टवकारायचे. फेरिटिन म्हणजे गोदामातला साठा. पुरुषांत तीनशेच्या वर, बायकांत दोनशेच्या वर म्हणजे जास्त. फेरिटिन तुम्हाला २०२० नंतर सगळ्यांना पाठ झालं. फेरिटिन, डी-डायमर, सीआरपी, जांभळी नाक्यावर कांद्याचे भाव विचारावेत तसे लोक एकमेकांना विचारत होते. पण तेव्हा वाढलेलं फेरिटिन लोहाचं नव्हतं, दाहाचं होतं. हा फेरिटिनचा वाईट स्वभाव आहे. ताप, संसर्ग, दारू, यकृतातली चरबी, साखर, कशानेही चढतं. म्हणून एकट्या फेरिटिनवर विश्वास ठेवायचा नाही. रिक्षा भरल्यात का ते आधी बघायचं. ह्यांच्या रिक्षेत ९१.

लोकांनी लगेच निष्कर्ष काढला, लेथवरचा चुरा नाकातून गेला. इस्टेटमध्ये महिनाभर सगळे तोंडाला रुमाल बांधून. तसं नाही. लोखंडाची धूळ फुप्फुसात बसते, तो वेगळा आजार. हे लोह पोटातून गेलेलं. योगायोग असा की लोखंड कापणाऱ्याच्याच अंगात लोखंड साठलं. कथेत लिहिलं असतं तर संपादकाने काढून टाकलं असतं.

आता जनुक. १९९६ मध्ये सहाव्या गुणसूत्रावर एचएफई नावाचं जनुक सापडलं. त्यात २८२ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं, सिस्टीनऐवजी टायरोसीन. आई आणि वडील दोघांकडून हाच दोष आला तर वॉचमन झोपतो. ह्यांची ती चाचणी केली. निगेटिव्ह. लॅबवाला म्हणाला, "मग नाही हो तुमचा तो रोग." आणि मी, लाज वाटते सांगायला, सुटलो म्हटलं. त्या मुलीने पुन्हा फोन केला. "सर, तो दोष युरोपातल्या लोकांचा. आपल्याकडे दुसरी जनुकं असतात." ती तोपर्यंत दुसऱ्या दवाखान्यात लागली होती! मग मुंबईत यकृताच्या तज्ज्ञांकडे गेलो, एमआरआयवर यकृतातलं लोह मोजलं, पुढची जनुक तपासणी झाली आणि लोहाच्या दारावरच्याच दुसऱ्या एका जनुकात दोष निघाला, दोन्ही प्रतींत. तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "आईवडील नात्यातले?" ते म्हणाले, "हो, बाबांनी मामाची मुलगी केली." आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्कच सांगतात ना. गावाकडे चार पिढ्या तेच. एकच दुर्मीळ दोष दोन्ही बाजूंनी यायचा तर आजोबा एकच असलेले बरे पडतात.

उपचार ऐकून घरात कुणाचा विश्वास बसेना. रक्त काढायचं. बस्स. एवढंच. ३५० मिलीच्या एका पिशवीतून साधारण पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह जातं आणि नवं रक्त करायला शरीर गोदामातलं लोह उपसतं. आठवड्याला एक पिशवी. सुश्रुतानेही रक्तमोक्षण सांगितलंय, म्हणून 'त्यांना हे सगळं माहीत होतं' असा निरोप कृपया पाठवू नका, त्यांच्याकडे फेरिटिन नव्हतं.

आता रक्त काढायचं कुठे? मी एका रक्तपेढीत फोन केला. म्हणाले, पेशंटचं रक्त आम्ही घेत नाही, निरोगी माणूस पाठवा. मी म्हटलं, रक्त कुणाला द्यायचं नाहीये, फक्त काढायचंय. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "फॉर्मवर तसा कॉलम नाही." मी म्हटलं, फेकून द्या. म्हणाले, "फेकायचा वेगळा फॉर्म आहे, पण तो संसर्ग असलेल्या रक्ताचा." चाळीस मिनिटं. शेवटी एका ओळखीच्या फिजिशियनकडे डे-केअरच्या खाटेवर सुरू केलं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पिशवी भरत होती, काळपट लाल, आणि वहिनी शेजारी स्टुलावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, दोन वर्षं एवढं हळीव घातलं, ते सगळं ह्या पिशवीत?" मला उत्तर सुचलं नाही. त्यातलं थोडं माझंही टॉनिक होतं.

बावन्न पिशव्या लागल्या. वर्षाच्या वर. थकवा गेला, रंग उजळला, यकृताचे रिपोर्ट खाली आले. साखर मात्र राहिली आणि ती दोन बोटं तशीच राहिली. गेलेला सांधा परत येत नाही. व्हर्नियर आता मुलाच्या खिशात असतो, आणि ते स्टोअर सांभाळतात.

ही चिठ्ठी कसली? 'दहा मिनिटे.' दहा? मी अजून विषयाला सुरुवात केली नाही हो! बरं. मग भावाची गोष्ट शेवटी, वेळ उरला तर.

प्रश्न असा होता, प्रत्येकाची तपासणी करावी का. भराभर सांगतो.

जनुकाची तपासणी सरसकट, सगळ्यांची? नाही. सॅन दिएगोमध्ये ४१ हजार लोकांची केली, २००२ मध्ये निष्कर्ष आले. १५२ जणांत दोन्ही प्रती दोषी सापडल्या, आणि त्यांच्यापैकी रोगाची ठळक लक्षणं फक्त एकात. दोष असणं म्हणजे रोग होणं नव्हे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या समितीने २००६ मध्ये लक्षणं नसलेल्यांची सरसकट जनुक तपासणी करू नका असंच सांगितलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या साडेचार लाख लोकांच्या माहितीत दिसलं की दोन्ही प्रती दोषी असलेल्या पुरुषांपैकी पाचात एकाला पाहणी संपेपर्यंत हे निदान झालं. म्हणजे अगदी 'एखाद्यालाच' असंही नाही. तिकडे वाद चालू आहे, चालू दे. उत्तर युरोपी वंशात दोन-तीनशे माणसांमागे एक असा असतो, आयर्लंडमध्ये तर शंभरात एकाहून जास्त.

आपला मुद्दा पुढे आहे आणि मला तोच सांगायचा होता. अमेरिका-कॅनडात साध्या दवाखान्यांत येणाऱ्या ९९,७११ लोकांची तपासणी झाली, २००५ मध्ये छापून आलं. त्यात तो युरोपी दोष आशियाई लोकांत जवळजवळ शून्य, दहा लाखांत एकसुद्धा नाही. पण त्याच अभ्यासात सरासरी फेरिटिन आणि सॅच्युरेशन सर्वांत जास्त कुणाचं? आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचं! जनुक नाही, तरी लोह जास्त. म्हणजे त्यांची चाळणी आपल्या धान्याला चालत नाही. तिकडे जनुक तपासून माणूस पकडता येतो. इकडे लोह मोजूनच पकडावा लागेल, जनुक मागाहून. आणि 'एचएफई निगेटिव्ह' म्हणजे 'रोग नाही' असं लिहिणारा रिपोर्ट टेबलावर आला तर मागे पाठवा.

मग कुणाचं मोजायचं? एक, ज्याला मी लोह लिहून देणार आहे पण ज्याचं हिमोग्लोबिन ठीक आहे, असा कुणीही. ही सगळ्यात सोपी चाळणी आणि तिला खर्च नाही, कारण तिथे बहुतेक वेळा टॉनिकच लिहायचं नसतं. दोन, साखर आणि सांधे, किंवा साखर आणि यकृत, अशी जोडी एकाच माणसात दिसली तर. तीन, यकृताचे रिपोर्ट वर आणि कारण सापडत नाही; 'पिता काय' विचारून झाल्यावर लोहही विचारा. चार, तिशीच्या आत हृदय दमलेलं किंवा वयात येणं अडलेलं. या रोगाचा एक तरुण प्रकार असतो, तो फार वेगाने जातो. पाच, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, रुग्णाची सख्खी भावंडं. प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता. इथे तपासणी करावी की नाही असा वादच नाही.

बायकांचं वेगळं. दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं, म्हणून पाळी जाईपर्यंत त्या बऱ्याच वाचतात. पन्नाशीनंतर हिशेब पुरुषांसारखा. आणि नेमकी तेव्हाच आम्ही 'वय झालं, लोह घ्या' म्हणतो.

उल्हासनगर राहिलं. फाळणीनंतर सिंधी बांधव तिथल्या लष्करी छावण्यांत येऊन राहिले, त्यांच्यात थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाचे, वाहक पुष्कळ. कच्छी भानुशाली, लोहाणा, पंजाबी यांच्यातही. थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे नुसत्या वाहक असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन थोडं कमी, पेशी लहान, म्हणजे दिसायला हुबेहूब लोहाची कमतरता. वर्षानुवर्षं लोह पाजतात. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीतच खूण असते हो! पेशीचा सरासरी आकार भागिले लाल पेशींची संख्या. आकार ६४, संख्या ५.८, उत्तर ११. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय, एचबी ए-टू ही हिमोग्लोबिनची तपासणी करा. हा भागाकार १९७३ पासून माहीत आहे. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. लग्न ठरवताना पत्रिका बघता, हा भागाकारही बघा.

रक्त सकाळी, उपाशीपोटी. लोहाची आणि सी जीवनसत्त्वाची गोळी आधीचे काही दिवस बंद, डॉक्टरला विचारून. ताप असताना नको. एकदा जास्त आलं तर पुन्हा करा, लगेच इंटरनेटवर मृत्युपत्र शोधू नका. खर्च गडकरीतल्या दोन तिकिटांच्या आसपास. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये फेरिटिन ठळक अक्षरात 'हाय' येतं, तेव्हा बहुतेकांना यकृतात चरबी असते. त्यांनी चालायला जावं, तलावपाळीला चार फेऱ्या मारा. कच्ची कालवं खाऊ नका, म्हणजे ज्यांना हा रोग आहे त्यांनी. खारं पाणी आवडणारा एक जंतू लोहावर फार माजतो. कोळीवाड्यात शिजवूनच खातात, तेव्हा आपल्याला भीती कमी, पण फॅन्सी हॉटेलात बर्फावर आणून ठेवतात.

घंटा वाजली का? बरं. भाऊ.

धाकटा भाऊ संगमेश्वरकडे, आंब्याची बाग. वय ३८. सात महिने तपासणीला आला नाही. "मला काही होत नाही, मी झाडावर चढतो." शेवटी वहिनींनी त्याला गणपतीत ठाण्याला बोलावलं आणि मखर सोडवायच्या आधी लॅबमध्ये नेलं. सॅच्युरेशन ७८, फेरिटिन हजाराच्या जवळ, अंगात एकही तक्रार नाही. बोटं सरळ, साखर नाही. त्याच्याही पिशव्या काढल्या, चौदात काम झालं. आता वर्षातून तीन-चार वेळा येतो, रक्त देतो, येताना आंबे आणतो. बहिणीचं नॉर्मल निघालं.

आणि हळिवाचे लाडू. वहिनींचा हात बसलेला, डबे भरून करायची सवय, आणि घरात खाणारं कुणी नाही. दर थंडीत एक डबा माझ्याकडे येतो. पहिला डबा आला तेव्हा मी तो आठ दिवस कपाटात ठेवला, सकाळी उपाशीपोटी खालच्या लॅबमध्ये गेलो आणि रक्त देऊन आलो. सॅच्युरेशन २२. मग खाल्ला.